सहा तास आधी

माझ्या बाबांची एक सवय सगळ्या पांढुर्ण्याला माहीत आहे. ते कुठेही वेळेच्या फार आधी पोहोचतात. नागपूरची पॅसेंजर दहाला असेल तर ते आठला स्टेशनावर, आणि बाकावर टेकल्या टेकल्या तिकीट काढून हातात धरतात. लग्नाला गेले तर मांडववाले अजून खांब गाडत असतात. त्यांच्या शाळेतले मास्तर म्हणतात, "वामनराव, तुम्ही जन्माला पण महिनाभर आधीच आले असान."

मीही हसायची. सगळ्यात जास्त मीच हसायची.

बाबांना एकच डोळा होता. डावा डोळा ते एकोणीस वर्षांचे असताना गोटमारीत गेला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमचं पांढुर्णा आणि जाम नदीपलीकडचं सावरगाव एकमेकांवर दगड फेकतात. नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवून त्याला झेंडा बांधतात आणि तो झेंडा आणायला दोन्हीकडचे लोक पाण्यात उतरतात. संध्याकाळपर्यंत चालतं. गाव नटतं, दुकानं लागतात, पाहुणे येतात. बाबा मात्र त्या दिवशी मधल्या खोलीचं दार लावून बीजगणितं सोडवत बसतात. कोणी काही विचारत नाही.

यंदा पोळ्याच्या आधीच्या सोमवारी बाबा वर्गात फळ्यावर लिहीत होते आणि त्यांच्या चांगल्या, उजव्या डोळ्यासमोर काळ्या माश्या उडायला लागल्या. संध्याकाळपर्यंत खालून शाई चढावी तसा अंधार चढला. मंगळवारी मोठे बाबा त्यांना नागपूरला घेऊन गेले. मोठे बाबा म्हणजे बाबांचे मोठे भाऊ केशवराव, सौंसरला राहतात, संत्र्याचा बगीचा आहे, जीप आहे. नागपूरचे डॉक्टर म्हणाले, आतला पडदा सुटला. ऑपरेशन मुंबईला होईल, शनिवारी सकाळी. तिथले मोठे डॉक्टर रविवारी महिनाभरासाठी परदेशात चालले. शनिवार चुकला तर हा डोळाही गेला समजा. आगगाडीचे सतरा तास हादरे नकोत, डोकं शक्य तेवढं स्थिर ठेवा, विमानानं न्या.

विमानानं! आमच्या अख्ख्या खानदानात कोणी विमानाला हात लावला नव्हता.

सोबत कोण जाणार हा प्रश्न आला. अनुराधाताई बाळंतपणाला माहेरी आलेली, नववा महिना, म्हणून आईला हलता येत नव्हतं. मोठ्या बाबांचं पोट जीपमध्येच कसंबसं मावतं, शिवाय त्यांना उंचावरून खाली पाहिलं की घेरी येते. आणि मी? मला ऑगस्टमध्ये सौंसरला तहसिलीच्या वादविवाद स्पर्धेत शील्ड मिळालं होतं. दहा शाळांमधून! हातात कागद न धरता सात मिनिटं बोलले. तेव्हापासून माझे पाय जमिनीला लागत नव्हते आणि घरात काहीही निघालं की मी म्हणायची, "माझ्याजवळ द्या. मी बघते."

"अलका जाईल," बाबा म्हणाले. "तिकडे रवींद्रमामा घ्यायला येते. मधे बोलाचं काम, ते तिले जमते."

तर दोन तिकिटं आली. शुक्रवार, दुपारी दोनचं विमान, नागपूर ते मुंबई. शुक्रवार ऐकून आईनं पंचांग काढलं आणि मटकन खाली बसली.

"शुक्रवारी पश्चिमेले दिशाशूल हाय. अन् वरून गोटमारीचा दिवस. ह्याच दिवशी ह्यायचा एक डोळा गेला, अन् आता दुसरा घेऊन ह्याच दिवशी निघाचं?"

"बाई, विमान पंचांग पाहून नाही उडत," मोठे बाबा म्हणाले.

"मंग प्रस्थान ठेवू. गुरुवारीच ठेवू."

ज्या दिवशी निघायचं तो दिवस वाईट असेल तर आदल्या दिवशी, चांगली वेळ पाहून, प्रवासाची वस्तू गठुड्यात बांधून नदीपलीकडे दुसऱ्याच्या घरी ठेवून यायची. म्हणजे आपण त्याच दिवशी निघालो असं होतं. दुसऱ्या दिवशी जाताना ते गठुडं उचलायचं आणि पुढे जायचं. यालाच आमच्याकडे प्रस्थान ठेवणं म्हणतात. बाबांचा विश्वास नाही, पण आईच्या आवाजातली भीती त्यांना कळली असावी. म्हणाले, "ठेव. तुझं मन शांत होईल."

प्रेमामावशी सावरगावात नदीकाठच्याच गल्लीत राहते. तिच्याकडे ठेवायचं ठरलं. आईनं लाल फडक्यात तांदूळ, सुपारी, हळकुंड ठेवलं, बाबांचा धुतलेला सदरा ठेवला आणि म्हणाली, "प्रवासाची खरी वस्तू पाहिजे यात. नाई तं ते प्रस्थान कायचं!" आणि ती दिव्यासाठी वाती घ्यायला आत गेली.

विमानाच्या प्रवासाची खरी वस्तू कोणती? मला लगेच सुचलं. तिकिटं आणि डॉक्टरांची चिठ्ठी असलेली खाकी फाइल. सकाळी गठुडं बरोबर न्यायचंच होतं, मग महत्त्वाचं सगळं एका ठिकाणी राहिलेलं बरं. मी फाइल सदऱ्याच्या घडीत सरकवली. आईनं येऊन गाठ मारली. सांगायचं काय त्यात? माझ्याजवळच दिलं होतं सगळं. पोळ्याच्या संध्याकाळी रंगवलेल्या शिंगांचे बैल घरी परतत होते, त्यांच्या गर्दीतून पूल ओलांडून मीच ते गठुडं मावशीच्या देवापुढे ठेवून आले.

रात्री वाद झाला तो निघायच्या वेळेचा.

"दोनचं विमान हाय, वामन. दहाले निघू," मोठे बाबा म्हणाले. "लवकर गेल्यानं ते काही लवकर उडत नाही."

"पाचले निघू," बाबा म्हणाले. "जीप हळू चालवा लागते. अन् तिथं जाऊन बसलेलं बरं."

"सहा तास काय करशीन तिथं? विमान धुशीन?"

आम्ही सगळे हसलो. बाबा उशीवर डोकं न हलवता म्हणाले, "पाच." मग पाचच ठरलं.

सकाळी जीपच्या मागच्या भागात गादी टाकली. बाबांच्या डोळ्यांवर पट्टी. त्यांचं डोकं माझ्या मांडीवर, दोन्ही हातांनी धरलेलं, फुटकं अंडं धरावं तसं. मोठे बाबा पुढे, गाडी चालवायला सौंसरचा गुणवंता. मी सारखी ओरडत होते, "गुणवंताभाऊ, खड्डा! गुणवंताभाऊ, हळू!" तो म्हणाला, "अवं बाई, तू सांगतपर्यंत खड्डा मागं जाऊन राहिला."

पुलाकडे पहाटेच झेंड्याची गर्दी जमली होती. मोठ्या बाबांनी आईला विचारलं, "ते गठुडं राहू देऊ का आता? गर्दी हाय. ठेवलं म्हणजे प्रस्थान झालंच." आई म्हणाली, "हो जी, झालंच. तुम्ही निघा." हे सगळं त्या दोघांचं बोलणं जीपच्या पलीकडच्या बाजूला झालं. मला ते फार नंतर कळलं. मी बाबांचं डोकं धरून बसले होते आणि गठुडं पुढे मोठ्या बाबांच्या पायाशी असेल असंच धरून चालले होते.

सोनेगावला विमानतळावर पोहोचलो तेव्हा आठ वाजले होते. तिथं कोणी म्हणजे कोणी नव्हतं. दारावरचा शिपाई चहा पीत होता. तिकिटाची वेळ ऐकून तो हसला.

"सहा तास आधी? काका, ते विमान अजून झोपेत असेल. ऑफिस अकराला उघडेल. बसा."

बाबांना लांब बाकावर झोपवलं. पाठ टेकल्याबरोबर ते म्हणाले, "अलका, तिकिटं काढ अन् हातात ठेव. अन् वेळ एकदा वाचून दाखव."

"मोठे बाबा, गठुडं द्या ना," मी म्हणाले.

"कोणतं?"

"प्रस्थानाचं."

"ते तं मावशीकडंच राहिलं. कायले पाहिजे? सुपारी खाशीन?"

मी हसायचाही प्रयत्न केला. तोंडातून आवाजच येईना, सात मिनिटं न थांबता बोलणाऱ्या माझ्या तोंडातून.

"अलका?" बाबा म्हणाले.

"तिकिटं गठुड्यात आहेत. डॉक्टरांची चिठ्ठी पण. मी ठेवली."

मोठ्या बाबांनी कपाळावर हात मारला, इतक्या जोरात की शिपाई वळला. बाबा रागावले असते तर बरं झालं असतं. पट्टीखाली त्यांचा चेहरा नुसता पांढरा झाला.

शिपाई भला माणूस. त्यानं आतून फोन लावून दिला. पांढुर्ण्याचा ट्रंक कॉल बुक केला तर पलीकडची बाई म्हणाली, लाइन खराब आहे, चार घंटे तरी लागतील. तिकीट नसलं तरी नाव यादीत असेल, चालेल का, असं मी विचारलं. शिपाई म्हणाला, "बेटा, कागद लागते. अन् पेशंट असला तर डॉक्टरची चिठ्ठी लागतेच. दीड वाजता खिडकी बंद होते."

भिंतीवरच्या घड्याळात आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. मोठे बाबा बोटांवर मोजत होते. जायला दोन तास, यायला दोन तास. रिकामी जीप पळवली तर. आणि मधला वेळ गोटमारीचा.

"मी जातो," मोठे बाबा म्हणाले.

"तुम्ही पळू शकत नाही. अन् मावशी गुणवंताभाऊले देणार नाही, ओळखतच नाही ती. मी ठेवलं, मीच आणते," मी म्हणाले. माझा आवाज परत आला होता, पण तो शील्डवाला आवाज नव्हता.

बाबांनी हात पुढे केला. मी धरला.

"पुलावर दोर असेल. दोर असला तर परत फिरायचं. नदीत पळसाकडे पाऊल टाकायचं नाही. ऐकलं? एक डोळा त्या नदीनं घेतला. दुसऱ्यासाठी पोरगी नाही द्यायची मले."

"हो," मी म्हणाले.

"म्हण, पळसाकडे जाणार नाही."

"पळसाकडे जाणार नाही."

त्या दोन तासांत मी काय पाहिलं ते विचाराल तर मला जीपचा काटा तेवढा आठवतो. मी मनात बाबांना बघत होते. बाकावर पडलेले, अंधारात, आणि कोण आलं कोण गेलं ते पायांच्या आवाजावरून ओळखणारे. जन्मभर असंच झालं तर? फळ्यावरचं गणित कोण सोडवणार? ताईचं बाळ त्यांना कधीच दिसणार नाही. आणि प्रत्येक वेळी दार उघडताना त्यांना आठवेल की हे अलकानं केलं. ते म्हणणार नाहीत. पण आठवेल.

सव्वादहाला पांढुर्ण्यात शिरलो. आवाज आधी आला. ढोल, शिट्ट्या, हजारो माणसांची ओरड, आणि त्याच्याखाली एक सारखा टकटक आवाज, गारा पडतात तसा. दगडांचा. पुलावर खरंच दोर होता आणि पोलीस होते.

"कोणीच नाही जाणार," एक पोलीस म्हणाला. "शाम को आना."

"माझ्या बाबांचा डोळा..." मी सांगायला लागले. इतक्यात चार जणांनी एका माणसाला उचलून आणलं. त्याच्या डोक्यातून रक्त गळून राहिलं होतं आणि तो तरी ओरडत होता, "सोडा बे मले, झेंडा हातात आलता!" पोलिसाचं लक्ष गेलं. मी पुलाच्या पलीकडे पाहिलं. मावशीच्या गल्लीतली टीनाची छपरं उन्हात चमकत होती. ओरडले असते तर ऐकू गेलं असतं, इतकी जवळ.

"चल परत," गुणवंता म्हणाला. "तुह्या बाबानं काय म्हटलं? दोर असला तं परत."

"पळसाकडे जाऊ नको म्हटलं. वरच्या अंगाला काही म्हटलं नाही."

"वकिली नको करू, पोरी. मले तुहे मोठे बाबा झाडाले टांगतीन."

मी जीपमध्ये बसले आणि म्हणाले, "वरच्या शेताकडे घ्या." त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि घेतली.

दीड-दोन फर्लांग वर नदीला वळण आहे. तिथून पळस दिसत नाही, ओरड तेवढी येते. भादव्याचं पाणी गढूळ, मधे भोवरे. बांधावर एक म्हातारे शेतकरी बैलाला चारत बसले होते. बापूजी म्हणतात त्यांना सगळे. बैलाच्या शिंगांचा कालचा हिंगूळ अजून ओला वाटावा इतका लाल होता.

"बापूजी, इथून उतार आहे का? सावरगावात जायचं आहे. लवकर."

"आज? येडी झाली का तू? कमरेइतकं पाणी हाय मधात."

मी एका दमात सांगितलं. डोळा, विमान, गठुडं, दीड वाजता खिडकी. ते ऐकत राहिले, मग उठले आणि बैलाचा कासरा सोडला.

"काल पोळा झाला. आज त्याले जुंपत नाही कोणी." त्यांनी बैलाच्या पाठीवर थाप मारली. "पर जुंपून कोण राहिलं? पाणी दाखवून राहिलो. याले उतार ठाऊक हाय. कासरा हातात गुंडाळ, अन् तो जिकडं जाईन तिकडं जा. शहाणपणा करू नको."

गुणवंताला पोहता येत नव्हतं. तो काठावर हनुमानाचं नाव घेत राहिला. बापूजी पुढे, बैल मधे, मी मागे. पाणी पोटऱ्यांना लागलं, मांड्यांना लागलं, मग कमरेला. खालची वाळू पायाखालून निघून जात होती. मी बैलाच्या ओल्या पाठीवर हात टेकला आणि डोळे मिटावेसे वाटले तरी मिटले नाहीत. डोळे मिटायची मला भीतीच वाटायला लागली होती.

पलीकडे चढून मी गावाच्या मागून पळत सुटले. मावशीच्या गल्लीत चिटपाखरू नव्हतं. टीनावर अधूनमधून धाडकन दगड पडत होता. मी दार बडवलं.

"कोण हाय?"

"मी अलका!"

दार बोटभर उघडलं, मग मावशीनं मला आत ओढलं आणि पाठीत एक धपाटा घातला. "मराले आली का? तुही माय कुठं हाय? बाप विमानात बसला ना?"

"नाही बसला. गठुडं दे मावशी, पटकन."

मावशी देवापुढे आडवी झाली. खरंच. हात पसरून. "प्रस्थान मागं नेत नाही. नदी ओलांडून आलं ते परत नदी ओलांडून गेलं तं निघणंच मोडते. वामनभाऊजीचा डोळा..."

"त्यात तिकिटं आहेत!"

मावशीचं तोंड उघडंच राहिलं. वर टीनावर पुन्हा एक दगड आदळला, आम्ही दोघी दचकलो. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ती नाटक करत नव्हती, तिला खरंच भीती वाटत होती की आपण हे दिलं आणि डोळा गेला तर? मला तिचा राग यायला हवा होता, पण मीही त्याच भीतीनं इथवर आले होते.

"गठुडं राहू दे," मी म्हणाले. "इथंच राहू दे. मी फक्त कागद काढते."

"गाठ दुसऱ्यानं सोडू नये. ज्याचं जाणं, त्यानंच सोडावी."

"माझं जाणं आहे, मावशी! दुसरं तिकीट माझंच आहे त्यात!"

तिनं माझ्याकडे एक क्षण पाहिलं आणि बाजूला झाली. "मंग सोड. लवकर सोड."

माझी बोटं ओली होती, गाठ सुटेना. दातांनी सोडली. फाइल कोरडी होती. मावशीनं युरियाच्या रिकाम्या थैलीची पन्नी दिली, तीत फाइल गुंडाळून सुतळीनं बांधली, आणि बाकीचं गठुडं तिनं स्वतः परत बांधून देवापुढे ठेवलं. मी निघाले तेव्हा ती हात जोडून बसली होती. देवाला की मला ते कळलं नाही.

बापूजी बैल घेऊन काठावर थांबलेच होते. परत पाण्यात उतरलो तेव्हा खालची ओरड वर सरकल्यासारखी वाटली. कोणीतरी वळणापाशी येऊन गोफण फिरवत होता. आम्हाला मारायला नाही, त्याला आम्ही दिसतही नसू. पण एक गोटा सूं करत आला आणि बैलाच्या तोंडासमोर पाण्यात फुटला. बैल बिथरला. कासरा माझ्या हातातून सुटला आणि पायाखाली काही नव्हतं.

मी पन्नी वर धरली. एवढंच केलं. पाणी नाकात गेलं, कानात गेलं, मी वाहत चालले होते आणि वाहत चालले होते ते पळसाकडेच. मनात आलं, बाबांना कबूल केलं होतं. मग माझ्या वेणीला जबर हिसका बसला. बापूजींनी वेणी धरली होती. ओरडले, "पाय टेक! पाय टेक, उथळ हाय!" टेकले. पाणी गुडघ्याइतकंच होतं. मी तिथंच उभी राहून खोकत राहिले आणि पन्नी डोक्यावर तशीच.

काठावर गुणवंता रडत होता. मला पाहून त्यानं डोळे पुसले आणि म्हणाला, "अकरा वाजून दहा. बस लवकर."

मेनरोडवर जत्रेच्या गाड्या होत्या म्हणून त्यानं सौंसरची वाट धरली. सौंसर मागे पडलं, मी कपडे अंगावरच वाळवत, फाइल छातीशी. लोधीखेड्याला रेल्वेचं फाटक बंद. आमची छोटी लाइन, अरुंद रुळांची! ती गाडी कधी वेळेवर नसते, आज नेमकी आली, आणि ती कशी येते ते ज्यांनी पाहिलं त्यांनाच माहीत. माणूस उतरून लघवीला जाऊन परत चढेल इतकी हळू. मी डबे मोजत होते. गुणवंता फाटकवाल्यावर ओरडत होता. फाटकवाला बिडी पीत म्हणाला, "बाबू, इंजन को बोलो, मुझे क्या बोलते?" बारा मिनिटं गेली. बारा!

त्यानंतर जीप कशी चालली ते मी आईला सांगितलेलं नाही.

एक वाजून चोवीस मिनिटांनी मी विमानतळाच्या दारात शिरले. आता तिथं माणसं होती, सामान होतं, आणि खिडकीशी मोठे बाबा दोन्ही हात टेकून उभे होते. त्यांनी आपला मोठ्या पोटाचा देह खिडकीत असा अडकवला होता की ती बंदच करता येऊ नये. आतला माणूस म्हणत होता, "साहेब, मला वेळ झाली की बंद करावीच लागेल."

मी पन्नी दातांनी फाडली. तिकिटं, चिठ्ठी. कोरडी. त्या माणसानं आधी माझ्याकडे पाहिलं. केसांत शेवाळ, फ्रॉक चिखलानं कडक झालेला. मग चिठ्ठी वाचली, आणि काही न विचारता दोन पास लिहून दिले. म्हणाला, "पेशंटला आधी चढवा."

बाबांच्या बाकाशी गेले. ते तसेच पडून होते, सकाळी झोपवलं तसे. माझी पावलं ओळखून त्यांनी हात उचलला. मी धरला. त्यांनी नाकानं श्वास घेतला.

"जामचा वास येऊन राहिला तुह्या अंगाले," ते म्हणाले.

त्यांनी माझा हात इतका घट्ट दाबला की बोटं दुखली, आणि सोडला नाही, पायऱ्यांवर नाही, आत सीटवर बसवलं तरी नाही. विमान जमीन सोडतं तेव्हा पोट खाली राहून जातं. शील्ड जिंकल्यावर मी मैत्रिणींना सांगितलं होतं की मी कधी विमानात बसले तर खिडकीतून ओरडेन. मी खिडकीकडे पाहिलंसुद्धा नाही. बाबांचं डोकं धरून बसले, दोन्ही हातांनी, मुंबई येईपर्यंत.

शनिवारी सकाळी ऑपरेशन झालं. तीन तास. नंतर पट्टी. डॉक्टर परदेशात गेले, त्यांच्या मागे दुसरे होते. "पडदा चिकटला असं वाटतं. किती दिसेल ते पट्टी काढल्यावर," ते म्हणाले. आठ दिवस. त्या आठ दिवसांत मी रोज रात्री तीच नदी पाहिली. जागेपणी एकच हिशेब: विमान चुकलं असतं तर काय झालं असतं ते मला कळत होतं, पण मिळालं म्हणून डोळा वाचलाच असं काही लिहून दिलेलं नव्हतं.

आठव्या दिवशी खोलीचे पडदे ओढले. रवींद्रमामा दाराशी, मी हिरव्या फ्रॉकात पलंगाच्या पायथ्याशी. डॉक्टरांनी कापसाचा शेवटचा थर काढला. बाबांनी डोळा उघडला. लाल, पाणी भरलेला. तो कुठेच पाहत नव्हता.

डॉक्टरांनी बोटं धरली. "मास्तर, किती?"



बाहेर कोणीतरी भांडी नेत होतं. बाबा पापणी मिटत, उघडत, परत मिटत. अर्धं मिनिट असेल. मला तो पूर्ण गोटमारीचा दिवस वाटला.

"बोटं," बाबा म्हणाले, हळू, फळ्याजवळ उभ्या मुलाला आठवत नसलं की तो बोलतो तसे. "बोटं आहेत. दोन."

तीन होती. मी तोंड उघडलं, डॉक्टरांनी मला डोळ्यांनीच गप्प केलं. ते हसून राहिले होते.

"दोन की तीन, ते महिन्याभरात सांगा. बोटं आहेत म्हणालात ना? बस."

बाबांनी मान वळवायचा प्रयत्न केला, नर्सनं धरली. ते नुसता डोळा फिरवून माझ्या दिशेला शोधत राहिले.

"ते पायथ्याशी हिरवं काय आहे?" त्यांनी विचारलं.

"मी आहे, बाबा," मी म्हणाले, आणि मग मात्र वादविवादातलं एकही वाक्य मला सुचलं नाही.